काळ्या रेघांची कवळी

आमच्या दवाखान्याच्या काचेच्या कपाटात एक कवळी आहे. वरची आणि खालची, पूर्ण, चिनी मातीच्या दातांची. नवे पेशंट ती पाहून विचारतात, "हा नमुना आहे का?" मी हो म्हणते आणि विषय संपवते. खरं तर तो नमुना नाही. ती एका बाईंच्या तोंडाच्या मापानं केलेली, त्या तोंडात अचूक बसणारी कवळी आहे आणि तिनं आजवर भाकरीचा तुकडासुद्धा चावलेला नाही.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी आधी नको म्हटलं होतं. मागच्या हिवाळ्यात हे गेले. आमच्या पाटीवर डॉक्टर म्हणून नाव त्यांचं. मी आतल्या खोलीत दात बनवणारी. लिहायची मला सवय नाही, वाचायची आहे. पॉलिशच्या चाकावर कवळी धरून बोटानं चाचपावी, तसं एकेक वाक्य चाचपत हे लिहिते आहे. सगळ्या कामाचा हिशेब देण्यात अर्थ नाही. कपाटातल्या त्या कवळीबद्दल मात्र लिहावं असं वाटलं, कारण यंदा तिच्याबद्दल पुन्हा कुणीतरी विचारलं.

माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. लग्न होऊन इथल्या लष्करी छावणीच्या वस्तीत आले तेव्हा पोलिस अ‍ॅक्शनला काही वर्षं झाली होती. ह्यांनी हैदराबादला एका वयस्क दंतवैद्यांच्या हाताखाली काम शिकून बाजाराच्या तोंडाशी दवाखाना टाकला होता. मोटारी, टांगे दाराशी थांबत, आतून एखादा नोकर उतरून विचारी, "लेडी डॉक्टर है क्या?" नाही म्हटलं की टांगा परत. पडद्यातल्या बायका परपुरुषाला तोंड उघडून कशा दाखवणार? एक दिवस हे म्हणाले, "कमल, तू पुस्तकं वाचत बसतेस त्यापेक्षा माप घ्यायला शीक." पुस्तकं मी सोडली नाहीत, पण माप घ्यायला शिकले.

काम सांगायला सोपं आहे. एक मेणासारखी वडी असते, ती गरम पाण्यात मऊ करून हिरड्यांवर दाबायची. गार झाली की तोंडाचा ठसा उमटतो. त्या ठशात प्लास्टर ओतलं की बाईचं तोंड आपल्या टेबलावर येतं. त्यावर मेणाची हिरडी करून एकेक दात लावायचा. ती मेणाची कवळी तोंडात घालून बघायची, चावा जुळतो का, ओठ नीट मिटतात का. पसंत पडली की मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरायचा, साच्यात घालून उकळायचं, मग घासून गुळगुळीत करायचं. एक गोष्ट मात्र सोपी नाही. समोरच्या माणसाच्या तोंडात तुमची बोटं असतात, त्यामुळे त्याला काय वाटतंय हे तो सांगू शकत नाही. ते डोळ्यांवरून ओळखावं लागतं.

त्या काळी कवळी करणारे लोक म्हणजे पैसेवाले. गरिबाचे दात पडले की तो भाकरी दुधात भिजवून खाई. आमच्याकडे येणाऱ्या बायका जागीरदारांच्या, देशमुखांच्या, व्यापाऱ्यांच्या घरच्या. सुंदर दात म्हणजे काय, हे प्रत्येकीनं ठरवूनच आलेलं असे. पिशोरकडच्या एक देशमुखीणबाई पडलेले दोन दात चोळीच्या गाठीत बांधून घेऊन आल्या. दोन्हींत सोन्याची मेख ठोकलेली. म्हणाल्या, "ह्ये सोनं नव्या दातात बसवा. त्याबिगर मी हसले तर लोक म्हनतील कोन भिकारीन आली." बसवून दिलं. त्याच आठवड्यात छावणीतल्या एका साहेबांच्या पत्नीला कागदासारखे पांढरे दात हवे होते, सिनेमातल्या बाईसारखे. मी तिला रंगाची पट्टी दाखवली. देवानं दिलेले दात पांढरे नसतात, सायीच्या रंगाचे असतात. ती म्हणाली, "देवाचं जाऊ द्या, मला हे शेवटचं पाहिजे." तेही करून दिलं. ती ओठांना लाली लावून हसली की नुसते दातच दिसायचे.

मुनव्वर बेगम आल्या त्या याच सुमाराला. मोटारीच्या खिडक्यांना हिरवे पडदे. जागिरी खालसा होऊन करमाडकडची गावं गेली होती, मोटार आणि रीतिरिवाज अजून होते. त्यांचे पती, जागीरदारसाहेब, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. बेगमचे बरेचसे दात आपोआप गेलेले, उरलेले हैदराबादला एका लेडी डॉक्टरकडून काढून घेतलेले. म्हणजे त्यांचे मूळचे दात आम्ही कधी पाहिलेच नाहीत. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

त्या खुर्चीत बसल्या की प्लास्टरचा वास मागं सरायचा. डाळीचं पीठ, संत्र्याची वाळलेली साल, चंदन आणि साय यांचं उटणं रोज चेहऱ्याला लागलेलं. डोळ्यांत सुरमा, ओठांवर पानाचा रंग, कानामागं अत्तराचा फाया. फक्त तोंड आत गेलेलं, आणि त्यावर सतत ओढणीचं टोक. सोबत त्यांची नणंद होती. तिला घरातले, नोकरचाकर, सगळेच कुलसुम फूफी, म्हणजे आत्या, म्हणत. बेगमहून बरीच लहान, तिशीची असेल. पांढरे कपडे, हात मोकळे. लग्नानंतर लगेच विधवा होऊन भावाच्या घरी परतलेली आणि आता त्या घराच्या सगळ्या किल्ल्या तिच्याच कमरेला. ती बसत नसे. भिंतीला टेकून उभी राही, ओठ घट्ट मिटून.

मी वडी तोंडाशी नेली तर बेगम म्हणाल्या, "डॉक्टरनी, ये मोम मैं निगल गई तो?"

"तर उद्या परत मागायला येईन," मी म्हटलं.

त्या ओढणीआड हसल्या. कुलसुम फूफी म्हणाली, "भाबी, मुंह खोलो. मोटार का पेट्रोल जल रहा."

नातीचं, शाहीनचं, लग्न ठरलं होतं. त्या आधी दात हवे होते. मेणाची कवळी घालून मी आरसा हातात दिला. बेगमनी बराच वेळ पाहिलं, मान हलवली. आम्ही ती पसंती समजलो. कवळी तयार झाली तेव्हा ह्यांनी ती उजेडाकडे धरून सगळीकडून पाहिली. म्हणाले, "हिला माझा हात लागलेला नाही, हे मी चारचौघांत सांगेन." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

आठवड्याभरानं मोटार परत दाराशी. बेगमनी कवळी तोंडातून काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्यांचे ओठ, जिभेचं टोक, हिरड्या, सगळं काळंनिळं झालेलं. कवळी मात्र स्वच्छ होती.

"तुमारे दांतां मिस्सी नै पकड़ते," त्या म्हणाल्या. "मिस्सी चढ़े तक मैं निवाला बी नै चबाई."

मला कळेना. त्यांनी चांदीची डबी उघडली. आत काळी पूड. माजुफळ, हिरडा, लोखंडाचा कीस आणि मोरचूद कुटून ती घरीच करत. बोटानं दातांवर चोळायची, तोंड धुवायचं, की दातांच्या फटींत आणि हिरडीच्या कडेला काळी रेघ राहते. रोज चोळत गेलं की ती रेघ पक्की होते. लग्न झालेल्या बाईची ती खूण. आमच्याकडच्या सवाष्णी दातवण लावायच्या, ते हेच. मला ते ऐकून माहीत होतं, पण बेगमच्या बोळक्या तोंडात मला ते कधी दिसलंच नव्हतं. आणि चकाकी दिलेल्या चिनी मातीवर मिस्सी कशी चढणार? कपबशीवर काजळ लावण्यासारखंच ते.

"पण तुम्ही आरशात पाहिलं होतं ना, बेगमसाहेब?"

"देखी. मैं समझी अब्बी कच्चे हैं. धारियां तुम आखिर में डालते होंगे."

घडा रंगवण्याआधी कुंभाराच्या चाकावर पाहावा, तसं त्यांनी पाहिलं होतं. मी समजूत घालायला गेले. म्हटलं, "हे छान दिसतात. आता सगळ्याच असे..."

"डॉक्टरनी," त्या शांतपणे म्हणाल्या, "पच्चीस औरतां में बैठ के शाहीन कू मेरे हात से सुहाग का पान देना है. नंगे दांतां लेके मैं किसके सामने जाऊँ? कुंवारियों के दांतां सफेद रहते, नै तो रांडां के. मेरा आदमी जीता है."

भिंतीजवळ कुलसुम फूफी उभी होती. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

घरी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "दात काळे करून द्यायचे? लोक म्हणतील ह्यांच्याकडे किडके दात मिळतात."

"पेशंट दुखतं म्हणाला तर तुम्ही दुखत नाही म्हणता का?"

"हे दुखणं नाही."

"त्यांच्या लेखी आहे."

शेवटी हे म्हणाले, "कर. पण पाटीवर तुझंही नाव घालावं लागेल. अशा कवळीची जबाबदारी मी एकटा घेणार नाही." पाटीवर माझं नाव आलं ते असं, थट्टेतून.

पहिली चूक माझी घाईची. हिरडीच्या मसाल्यात काळा रंग कालवून मी दुसऱ्या, नव्या कवळीचे सगळे दात काळे केले. बेगमनी आरशात पाहिलं आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून सुरमा उतरला. "ये तो तवा है, डॉक्टरनी. इसपे रोटी सेंकूं?" मग हसणं थांबलं. लग्न जवळ आलं होतं. त्यांना वाटू लागलं होतं की हे जमणारच नाही आणि शाहीनला पान दुसऱ्या कुणाच्या हातून द्यावं लागणार. ते त्या बोलल्या नाहीत, पण डोळ्यांवरून कळलं.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या पिशोरहून आल्या की माझ्या टेबलाजवळ बसून निवडणं-टिपणं करत. त्यांनी ती काळी कवळी उचलून पाहिली.

"ह्ये काय केलं बाई? कोळसा खाल्ल्यावानी."

"मिस्सी. दातवण म्हणा."

"दातवण असं नसतंय. दात दिसाया पायजे. काळं फकस्त सांदीत. वर जाड, खाली बारीक बारीक होत जायचं. ज्वारीच्या दान्याला जशी शिरावर कड असती ना, तशी." त्यांनी माझ्या पेन्सिलीनं टेबलावर रेघ काढून दाखवली. मग म्हणाल्या, "माझे लई झ्याक होते. तुझा सासरा म्हनायचा, अंधारात बी हसलीस तर कळतंय."

"मग आता का..."

"आता कुठलं? त्यो गेला तव्हा दहाव्याला बायांनी विटकरीच्या पुडीनं घासून काढले. एकीनं मुंडकं धरलं, एकीनं घासले. रगत आलं. जाऊ दे, तू रेघ वड."

मी रेघ ओढली. दात अ‍ॅक्रिलिकचे घेतले, सायीच्या रंगाचे. दोन दातांमधली सांद सुईनं कोरली आणि तिच्यात काळा मसाला भरला, वर जाड, खाली निमुळता. एकेक सांद. मग सगळी कवळी परत उकळून, घासून अशी केली की जिभेला रेघ लागू नये, फक्त डोळ्याला दिसावी. बेगमनी ती घातली, आरसा घेतला, आणि पहिल्यांदा ओढणी खांद्यावर टाकली.

"कौन बोलेगा बनाए सो हैं?"

लग्नात मला बायकांच्या बाजूला बसवलं होतं. शाहीन कॉलेजात शिकलेली, स्नो-पावडर लावणारी, दातांना मिस्सी लावू देईना. आजीला म्हणाली, "दादी, फोटो में मुंह बंद रखना." आजी म्हणाली, "फोटोवाले कू बोल, मेरा मुंह खुलने तक रुके." आणि पान देताना पंचवीस बायकांत मोठ्यानं हसली. कुलसुम फूफी दारात उभी राहून ताटं मोजत होती.

पांढरी कवळी माझ्याकडे राहिली. मी ती कपाटात ठेवली.

काही वर्षांनी जागीरदारसाहेब गेले. दहा-बारा दिवस झाले असतील, फूफीचा निरोप घेऊन नोकर आला. "बड़ी बेगमसाहेब के पहले वाले सफेद दांतां लेके आओ."

निरोपाचा अर्थ लगेच कळला. नवरा गेल्यावर बाई इद्दत पाळते. त्या मुदतीत ती घराबाहेर पडत नाही, सुरमा, अत्तर, बांगड्या, मिस्सी, सगळं बंद. मिस्सी एरवी धुऊन, घासून जाते. माझ्या रेघा घासून जाणार नव्हत्या, मी त्या तशा केल्याच नव्हत्या. मी माझी पिशवी उचलली. कपाट उघडलं, पांढऱ्या कवळीकडे पाहिलं आणि कपाट बंद केलं. ह्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "न्यायचे नाहीत?" मी म्हटलं, "आधी त्यांना विचारते." "कुणाला?" "ज्यांच्या तोंडात बसणार त्यांना."

आतल्या खोलीत बेगम पांढऱ्या चादरीवर बसल्या होत्या. डोळ्यांत सुरमा नाही, हात मोकळे. तोंड पुन्हा आत गेलेलं, हनुवटी नाकाकडे आलेली. पुढ्यात पातळ दलियाची वाटी, अर्धी तशीच. फूफी नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून.

"दांतां लाए?" फूफीनं विचारलं.

"त्यांचे दात कुठं आहेत?"

"डिब्बे में रखे हैं. वो अब नै चलते."

मी बेगमकडे पाहिलं. दात नसले की शब्द फुटतात, हवा निघून जाते. तरी त्या नीट बोलल्या, एकेक शब्द सावकाश.

"मेरे कू मेरे दांतां होना."

"भाबी, सिंगार है वो."

"चूड़ियां उतारी मैं. सुरमा छोड़ी. अत्तर की शीशी तेरे हात में दी. बोल, दी कि नै? सिंगार उतर गया, कुलसुम. ये मेरा मुंह है."

"मुंह कैसा? निकलते सो चीज है. निकाल के डिब्बे में रखते."

"फिर ज़बान बी निकाल के रख ले. वो बी बहुत चलती मेरी."

फूफी माझ्याकडे वळली. "तुमारे पास सफेद वाले हैं. मेरे कू मालूम है. मैं खुद देखी थी."

"आहेत," मी म्हटलं. "व्यवस्थित आहेत. बसतीलही. पण मी ते देणार नाही."

मी एवढं सरळ कुणाशी बोलत नसे. माझा आवाज मलाच परका वाटला. फूफी म्हणाली, "क्या बोले?"

"बेगमसाहेबांनी मागितले तर आज संध्याकाळी आणून देईन. दुसऱ्या कुणीही मागितले तर नाही. आणि डबा आणा. कोरड्या डब्यात ठेवलेत का?"

"हौ, कोरडे."

"किती दिवस?"

फूफीनं कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी मला रीत, इद्दत, हक्क यातलं काही आठवलं नाही. कवळी कोरडी ठेवली की वाकते, हेच डोक्यात. माझं काम त्या डब्यात वाळत होतं. मी चादरीच्या कडेला बसले. "तांब्याभर पाणी आणि एक वाडगा आणा. दात भिजत घालायचे आहेत. डबा आल्याशिवाय मी उठणार नाही."

फूफी उभीच राहिली. दुपार होती, अंगणात कुणीतरी मसाला कांडत होतं, तो आवाज येत राहिला. मी बसले. बेगमही बसल्या. बऱ्याच वेळानं फूफीनं कमरेची किल्ली काढली, आत गेली, डबा आणि पाणी भरलेला वाडगा दोन्ही आणून माझ्यापुढे ठेवले. ठेवले म्हणजे आपटले.

मी दात पाण्यात सोडले. नीट भिजायला वेळ द्यावा लागतो. आम्ही तिघी त्या वाडग्याभोवती बसलो. हो, तिघी. फूफी पहिल्यांदाच खाली बसली. पाण्यात ते दात हलत होते आणि काळ्या रेघा पाण्यामुळे जरा मोठ्या दिसत होत्या. फूफी त्यांच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मला वाटलं, ती आता वाडगा उलटा करणार.

"धारियां अच्छी बनाए," ती म्हणाली, कुणाकडेच न बघता.

मग मी दात बेगमच्या तोंडात बसवले. खालची कवळी एका बाजूला थोडी उचलत होती, ती दुसऱ्या दिवशी घासून दिली. त्यांनी दलियाची वाटी सरकवली आणि म्हणाल्या, "कुलसुम, रोटी ला." आणली. बेगम पुढं बरीच वर्षं जगल्या. मिस्सीची डबी त्यांनी पुन्हा उघडली नाही, दातही बदलले नाहीत. नातेवाइकांत बोलणं झालंच. त्या म्हणत, "जाके डॉक्टरनी कू पूछो." कुणी विचारायला आलं नाही.

ह्यांच्या तेराव्यानंतर माझ्याकडेही बायका आल्या. मायेनंच. म्हणाल्या, आता कशाला दवाखाना, एकटीनं किती ओढायचं, आता देवाधर्माचं बघावं. मी ऐकून घेतलं. पुढच्या सोमवारी शटर उघडलं. ह्यांची खुर्ची पुसली, प्लास्टरचा वाडगा खरवडला, पाण्याचं भांडं गॅसवर ठेवलं. पाटीवर दोन नावं आहेत, त्यातलं एक अजून कामाला येतं.

त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण कवळीसाठी आल्या त्या कुलसुम फूफी. शाहीननं रिक्षातून आणलं. शाहीनचे केस आता पांढरे. फूफी काठी टेकत आल्या, पण भिंतीशी उभ्या राहिल्या नाहीत, सरळ खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, "डॉक्टरसाब का सुनी. अल्लाह की मर्जी." मी मान हलवली. मग त्यांनी तोंड उघडलं. आत एकही दात उरलेला नव्हता. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांचे दात कधी पाहिलेच नव्हते, हे मला तेव्हा उमगलं. त्या ओठ मिटूनच बोलायच्या, ओठ मिटूनच रागवायच्या.

माप घेतलं. रंगाची पट्टी पुढं केली. शाहीन म्हणाली, "ये अच्छा लगेगा फूफी, नैचरल."

फूफींनी पट्टी हातानं बाजूला केली.

"वो काला मसाला अब बी है क्या तुमारे पास?"

"आहे," मी म्हटलं. खरं तर नव्हता, पण कालवायला किती वेळ लागतो?

"भाबी के जैसे. धारियां जरा पतली."

शाहीनचं तोंड उघडंच राहिलं. "फूफी, आप? अब?"

"तेरे कू कौन पूछा?" फूफी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जरा हळू, "मैं एक ठंडी भर मिस्सी लगाई, बस. ठीक से चढ़ी बी नै थी. घिसे तो तुरंत उतर गई."

मी विचारलं नाही कुणी घासले. आत्याबाईंनी टेबलावर काढलेली रेघ मला अजून आठवते. सुईला धार लावून घेतली. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, भिंग लावून एकेक सांद कोरली. बोट थरथरलं की थांबायचं, श्वास सोडायचा, परत धरायचं. ह्यांना दाखवायची सवय आहे, म्हणून पूर्ण झाल्यावर कवळी खिडकीशी उजेडात धरून सगळीकडून पाहिली. काढण्यासारखी चूक दिसली नाही.

फूफींनी ती घातली. आरसा हातात घेतला, ओठ मिटलेलेच. मग आधी वरचा ओठ, मग खालचा असे सोडले. पाहत राहिल्या. आरसा खाली ठेवला, परत उचलला.

"शाहीन," त्या म्हणाल्या, "घर में किसी कू मत बोलना." दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "बोल दे. अपने आप दिखेगा."

शाहीन कपाटापाशी थांबली होती. काचेतून त्या पांढऱ्या कवळीकडे पाहत तिनं विचारलं, "ये कित्ते साफ हैं. किसके हैं?"

मी नेहमीचं उत्तर देणार होते. त्याआधी फूफी वळल्या आणि तोंड पूर्ण उघडून हसल्या. काळ्या रेघा बारीक, सरळ आल्या होत्या.

"किसी के नै," त्या म्हणाल्या. "चल."